आज तुमचा तिसरा दिवस नाही, आठवा आहे

(हे उत्तर मे २०२१ मधलं, कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेतलं आहे. त्यातले नियम, निर्बंध आणि सोयी तेव्हाच्या.) तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. कोपरखैरण्यात वन बीएचके, संडास-बाथरूम एकच. घरात तुम्ही (वय ४१, बीपीची गोळी चालू), पत्नी, दुसरीतली मुलगी आणि ६८ वर्षांची आई, तिला १५ वर्षांपासून शुगर. गुरुवारी, २० मे २०२१ ला तुमचा कोव्हिडचा आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आला. तुम्ही लिहिता, ‘आज तिसरा दिवस. काल संध्याकाळी ९९.८ होता, ऑक्सिजन ९६. सीटी स्कॅन करून घेऊ का? आईला ठाण्याला भावाकडे पाठवू का? आणि सोसायटी म्हणते १४ दिवस आणि वर निगेटिव्ह रिपोर्ट, त्याशिवाय खाली उतरायचं नाही. हे बरोबर आहे का?’

ऐरोलीत माझा २३ वर्षं दवाखाना आहे. मार्च २०२० पासून निम्मी प्रॅक्टिस फोनवर चालली आहे, त्यामुळे असे प्रश्न रोजचे झालेत. तुम्हाला मी तपासलेलं नाही, तुमच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला नाही. त्यामुळे खाली जे लिहितो ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा, त्यांच्याऐवजी नको.

आधी मुद्द्याची गोष्ट. तुम्हीच पुढे लिहिलंय की शनिवारी घसा खवखवायला लागला, रविवारी अंग मोडून आलं आणि ताप भरला, सोमवारी वादळात दिवसभर वीज नव्हती म्हणून स्वॅबला गेलात मंगळवारी. म्हणजे आजार सुरू झाला शनिवारी, १५ तारखेला. आज २२. तुमचा आजचा दिवस तिसरा नाही, आठवा आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका आकड्यावर फिरतात.

पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणू वाढत असतो. ताप, कणकण, घसा, वास जाणं, हे सगळं त्या काळातलं. पुढे साधारण सहाव्या-सातव्यापासून दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत बहुतेकांचा आजार ओसरतो. पण थोड्या लोकांत याच सुमारास शरीराची स्वतःची प्रतिक्रिया भडकते आणि फुफ्फुसांना सूज येते. ताप उतरलेला असतो, माणूस गप्पा मारत असतो आणि आत ऑक्सिजन घसरत असतो. धाप लागत नाही म्हणून घरच्यांना कळत नाही. रिपोर्टपासून मोजणारा म्हणतो, ‘अजून तिसराच दिवस, बघू.’ ते ‘बघू’ महागात पडतं. एप्रिलमध्ये रबाळ्याच्या एका पेशंटचा फोन आला, ‘डॉक्टर, चौथा दिवस आहे, जरा थकवा आहे फक्त.’ पहिला ताप कधी आला विचारलं तर लग्नाच्या वाढदिवसाची तारीख सांगितली त्यांनी, केक गोड लागला नाही म्हणून लक्षात होती. मोजलं तर नववा दिवस. बसून ९३ आणि घरात चालल्यावर ८८. त्याच रात्री बेड शोधावा लागला. ते बरे होऊन घरी आले, पण बारा दिवसांनी.

तेव्हा आज पहिलं काम म्हणजे मुलीची एक वही घ्या. पानावर उभे रकाने पाडा: तारीख, कितवा दिवस, वेळ, ताप, बसून ऑक्सिजन, चालून ऑक्सिजन, नाडी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, चारदा. डॉक्टरला फोन करताना ‘बरं आहे, पण जरा...’ असं सांगण्यापेक्षा त्या पानाचा फोटो पाठवलात तर पाच मिनिटांचं काम एका मिनिटात होतं.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घाबरून येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे या चिमट्यामुळे असतात. नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असेल तर ते बोट सोडा. हात गार असतील तर चोळून गरम करा. पाच मिनिटं स्वस्थ बसा, मधलं बोट आत घाला, हात छातीच्या पातळीवर टेकवून ठेवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत, निदान मिनिटभर, थांबा. पहिल्या दहा सेकंदांत तो ८९ दाखवेल, ९४ दाखवेल, त्याकडे बघू नका. दोन आकड्यांपैकी एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा असतो. ‘बाबांचा ऑक्सिजन ७८ झाला’ म्हणून रडत केलेले फोन मी घेतलेत, तो ठोक्यांचा आकडा होता. आणखी एक गंमत (त्या रात्री गंमत वाटली नव्हती): इंग्रजी आकड्यांतले ९८ उलटे धरले की ८६ दिसतात. घणसोलीच्या एका आजोबांचा मुलगा समोर बसून बापाच्या बोटावरचा आकडा वाचत होता. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावण्याच्या बेतात होते. मी म्हटलं, बाबांच्या बाजूला जाऊन बसा आणि परत वाचा.

चालून बघायची चाचणी अशी: बसून आकडा लिहा, मग बोटात चिमटा ठेवूनच घरातल्या घरात सपाटीवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीनं चाला. बेडरूमच्या खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घातल्या तरी चालेल. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा बसल्या आकड्यापेक्षा तीनहून जास्त खाली आला, किंवा धाप लागली, तर ताबडतोब डॉक्टरांना फोन. बसूनच ९४ च्या खाली असेल तर चालायचा प्रयोग करू नका, थेट हॉस्पिटलची तयारी करा. दम्याच्या पेशंटनं हा प्रयोग परस्पर करू नये आणि साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. तुमचं ९६ बसून आहे की चालून, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आज संध्याकाळपर्यंत ते कळायला हवं.

आता सीटी स्कॅन. आजकाल ‘कसा आहेस’ ऐवजी ‘स्कोअर किती’ असं विचारतात, जणू वानखेडेवर मॅच चालू आहे. त्यात आरटी-पीसीआरची ‘सीटी व्हॅल्यू’ (स्वॅबमधला विषाणू पकडायला मशीनला किती फेऱ्या लागल्या तो आकडा) वेगळी आणि छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी स्कोअर (फुफ्फुसांत आजार किती पसरलाय तो) वेगळा. ‘माझा सीटी २२ आला’ ऐकून एका बाईंच्या भावानं गावाहून निघायची तयारी केली होती, ती होती स्वॅबची व्हॅल्यू. त्या व्हॅल्यूवरून आजार किती वाढेल हे ठरत नाही. आणि ऑक्सिजन ठीक असताना केलेल्या स्कॅनमध्ये डाग दिसले तरी उपचार बदलत नाहीत. सौम्य आजारातही असे डाग दिसतात आणि आपोआप जातात. स्कॅनसाठी तुम्ही रिक्षात बसणार, सेंटरवर ताटकळणार, तिथल्या आणखी चार जणांना देऊन येणार. ऑक्सिजन घसरला किंवा ताप हटत नसेल तर तुमचे डॉक्टर स्वतःच सांगतील. आज मी तरी करायला सांगणार नाही.

औषधांत माझा हात आखडता आहे. ताप किंवा अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही (लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा). बीपीची गोळी बंद करू नका. भरपूर पाणी, पेज, वरण-भात, जे जाईल ते. वाफ घेऊन बरं वाटत असेल तर घ्या, पण भांडं जमिनीवर स्थिर ठेवून. या वर्षी वाफेनं भाजलेली दोन पोरं मी बघितली आहेत.

हातात घेऊ नये ती गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका चिठ्ठीत पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं जीव वाचतात, पण कुणाचे? ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला त्यांचे. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. विषाणू वाढत असताना स्टेरॉइड घेणं म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला झोपेची गोळी देणं. शुगरवाल्यांत तर साखर उसळते आणि म्युकरचा (काळ्या बुरशीचा) धोका वाढतो, त्याबद्दल पेपरात वाचताच आहात. तुमच्या आईच्या बाबतीत हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. मेडिकलवाल्यानं ‘सगळेच घेतात’ म्हणून दिलेल्या पट्टीत काय आहे ते डॉक्टरांना फोटो पाठवून विचारल्याशिवाय एक गोळीही नको. हेच औषध योग्य दिवशी, ऑक्सिजन उतरल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली अमृत ठरतं. पुन्हा प्रश्न दिवसाचाच.

आता आई. खरं सांगू? तुमचा प्रश्न वाचताना मला काळजी तुमच्यापेक्षा त्यांची वाटली. तुम्ही वेगळ्या खोलीत गेलात रिपोर्ट आल्यावर, २० ला. पण लक्षणांच्या आधीचे दोन दिवस धरले तर १३ पासून तुम्ही त्यांच्यासोबत जेवत-झोपत होतात. जे व्हायचं ते बहुधा होऊन गेलंय. म्हणून भावाकडे पाठवू नका.  अडचण अशी की त्या कदाचित विषाणू सोबत घेऊन जातील आणि भावाच्या घरी तुम्हीच लिहिता तसं सात महिन्यांचं बाळ आहे. आठवड्यापूर्वी पाठवायचं असतं तर वेगळं बोललो असतो.

आईंचा स्वॅब आता द्या. लक्षणं नसलेल्या जवळच्या माणसाची तपासणी २०२१ च्या सूचनांप्रमाणे संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात करायची, ती वेळ हीच आहे. त्यांचाही वहीत वेगळा रकाना: ताप, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरनं सकाळची उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांची साखर. शुगरच्या म्हाताऱ्या माणसांत आजाराची पहिली खूण कधी कधी ताप नसतेच. भूक मेली, गप्प बसून राहिल्या, साखर विनाकारण वाढली, असं दिसतं. आणि तुमचं ताट-वाटी बघायचं काम आईंकडे अजिबात नको. ‘माझ्या लेकराला मी नाही बघणार तर कोण’ हे प्रत्येक घरात ऐकतो. हे काम पत्नीनं करावं, मास्क लावून, ताट दाराशी स्टुलावर ठेवून. आईंच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आजच मागवा.

घर लहान आहे, तर वाऱ्याचा विचार करा. भांडी-कपड्यांची चिंता लोक फार करतात, हवेची करत नाहीत. भांडी साबणानं घासली की झालं, भाजीची पिशवी तीन दिवस बाल्कनीत टाकायची गरज नाही. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयानंही परवाच, २० मे २०२१ ला सांगितलं की बारीक कण हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. आता तुमच्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असतो. तुम्ही बेडरूममध्ये, दार उघडं, आणि पत्नीनं फोडणी देताना एक्झॉस्ट लावला, तर तुमच्या खोलीतली हवा हॉलमध्ये आईच्या अंगावरून स्वयंपाकघरात ओढली जाते. म्हणून तुमचं दार बंद, दाराखालच्या फटीला जुना टॉवेल, आणि खिडकी सताड उघडी. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीबाहेर करून लावा. मे महिना आहे, घामाच्या धारा लागतील, पण एसी लावून बंद खोलीत बसू नका. हॉलच्या खिडक्याही उघड्या.

एकच बाथरूम ही खरी अडचण. सगळ्यांची आंघोळ-पांघोळ झाल्यावर शेवटी तुम्ही. जाता-येता मास्क, आतही शक्य तेवढा वेळ मास्क. बाहेर पडताना खिडकी उघडी आणि पुढे अर्धा तास कुणी जायचं नाही. नळ, कडी, फ्लशचं बटण तुम्हीच ब्लीचच्या पाण्यानं पुसून या. रात्री आईंना उठावं लागत असेल तर पत्नीनं आधी हॉलमधून आवाज द्यावा, म्हणजे दोघं दारात समोरासमोर येणार नाही.

दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपा. ऑक्सिजन चांगला असला तरी बिघडत नाही, कमी व्हायला लागला तर हॉस्पिटल मिळेपर्यंत फार उपयोगी पडतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. उशा कमी असतील तर गोधडीच्या गुंडाळ्या करा. अर्धा तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस. जेवल्यावर तासभर थांबून. गरोदर बाईनं किंवा हृदयाचा मोठा त्रास असलेल्यानं हे करू नये.

इथपर्यंतचं एका दमात: आठवा दिवस, चारदा नोंद, चालून ऑक्सिजन, स्कॅन नाही, स्टेरॉइड नाही, आईंचा स्वॅब घरी राहूनच, आणि खिडकी उघडी. एक पिशवीही भरून दाराशी ठेवा: आधार कार्ड, रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, चार्जर, वही. रात्री गरज पडली तर गाडी कोण काढणार ते आज ठरवा, १०८ चा नंबर पत्नीच्या फोनमध्ये घाला. नवी मुंबई पालिकेचं वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमधलं (मे २०२१ मध्ये चालू असलेलं) कोव्हिड केंद्र तुम्हाला जवळ आहे. बहुधा यातलं काही लागणार नाही.

सोसायटीचं बघू. त्यांना खलनायक करू नका, घाबरलेली माणसं आहेत. पण नियम त्यांना वाटतो तसा नाही. राज्य सरकारच्या एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात लिहिलं होतं ते असं: सोसायटीत पाचपेक्षा जास्त पॉझिटिव्ह असतील तर ती सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र धरायची, गेटवर तसा फलक लावायचा, बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, आणि हे नाही केलं तर सोसायटीला पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. सेक्रेटरी एवढे कडक का झालेत ते त्या दंडात आहे. तुमच्याकडे तुम्ही धरून दोन केसेस आहेत, म्हणजे सबंध इमारत बंद करण्याचा प्रश्न नाही. पण तुमच्या घरातली चारही माणसं सध्या बाहेर पडायची नाहीत, हे सोसायटीचं म्हणणं रास्त आहे. त्यात हुज्जत घालू नका.

चूक आहे ते निगेटिव्ह रिपोर्ट मागणं. केंद्राच्या २८ एप्रिल २०२१ च्या सूचनांनुसार घरी राहिलेल्या पेशंटचं विलगीकरण लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस उलटल्यावर आणि ३ दिवस ताप नसल्यास संपायचं. पुन्हा तपासणीची गरज नाही, असं त्यात स्पष्ट होतं. कारणही साधं आहे: बरं झाल्यावरही विषाणूचे मेलेले तुकडे नाकात आठवडे राहू शकतात, मशीन तेच पकडतं आणि पॉझिटिव्ह म्हणतं. माझ्या एका पेशंटनं सोसायटीसाठी तीनदा स्वॅब दिला, दर वेळी पॉझिटिव्ह, आणि तो माणूस घरात सूर्यनमस्कार घालत होता. तुमच्या हिशोबानं, आजपासून गोळीशिवाय ताप आला नाही तर २५ तारखेला तुमचं विलगीकरण संपतं. आज-उद्या ताप आला तर तीन दिवस तिथून परत मोजा. आई आणि पत्नीचा हिशोब वेगळा, त्यांना २०२१ च्या नियमानं तुमच्याशी शेवटचा संपर्क आला तिथून १४ दिवस.

सेक्रेटरींना फोनवर सांगू नका, लिहून द्या. तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि विलगीकरण संपल्याची तारीख. ऑफिसलाही तीच चिठ्ठी चालते. मी असे कागद रोज देतो, आणि नव्वद टक्के भांडणं तिथंच मिटतात. दूध-भाजीसाठी एका शेजाऱ्याला धरा. मे २०२१ च्या निर्बंधांत दुकानं सकाळी ७ ते ११ असली तरी घरपोच सेवेला रात्री ८ पर्यंत मुभा होती, पिशवी दाराला अडकवून जा म्हणावं. हे निर्बंध १ जूनपर्यंतचे, त्यामुळे २५ ला तुम्ही मोकळे झालात तरी उंडारायला तसंही कुठं जाणार आहात.

बरं झाल्यावरचा थकवा मात्र मनावर घेऊ नका. दोन जिने चढल्यावर पाय कापतील, फोनवर बोलताना खोकला येईल, दुपारी डोळा लागेल. तीन-चार आठवडे असं चालतं. पाम बीच रोडवर पळायला जायची घाई नको, आज दहा मिनिटं चाललात तर चार दिवसांनी पंधरा. छातीत दुखलं, धडधड वाढली, दम जास्त लागायला लागला, किंवा आईंच्या बाबतीत नाक चोंदणं, गाल दुखणं, डोळ्याला सूज असं काही दिसलं, तर वाट न बघता दाखवा. लस बरं झाल्यावर ३ महिन्यांनी घ्यायची, असा निर्णय १९ मे २०२१ ला झाला होता.

आता हे वाचून झालं की उठा आणि बसून-चालून ऑक्सिजन घ्या. दोन्ही आकडे, आजचा ताप आणि आईंची आज सकाळची साखर, एवढं इथंच खाली लिहा. रात्री दवाखाना बंद केल्यावर बघतो.